काटा कोणत्या बाजूला खोटे बोलतो?

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हे तालुक्याचे गाव करंजीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हिवाळ्यात या रस्त्याने कापसाने भरलेल्या गाड्या जातात आणि वणी परिसरातील कोळशाच्या खाणींमुळे ट्रक तर वर्षभरच दिसतात. उन्हाळ्यात या भागातला पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत सहज चढतो. अशाच एका मे महिन्याच्या दुपारी एक जुना ट्रक रस्त्याकडेच्या गॅरेजसमोर येऊन थांबला आहे, अशी आपण कल्पना करू. बोनेटच्या फटीतून वाफ येत आहे. ड्रायव्हर खाली उतरून सांगतो, "मिस्त्री, सकाळीच टाकी फुल केली, पण डिझेलचा काटा पाऊणच्या वर जाऊन नाही राह्यला. अन् हा पाण्याचा काटा त जागचा हालतच नाही. इकडं वाफ निघून राह्यली अन् हा म्हणते गाडी थंडी हाय!"

मिस्त्री बोनेटला हात लावण्यापूर्वी म्हणतो, "दोन्ही काटे खोटे बोलून राह्यले, उस्ताद. पण डिझेलवाल्यानं काई बिघडत नाही. पाण्यावाल्यानं इंजिन जाईन."

मिस्त्रीच्या या दोन वाक्यांत मापनशास्त्रातला एक मोठा धडा आहे. उपकरण बिघडते हे सर्वांना माहीत असते. पण बिघडल्यावर ते कोणत्या बाजूला चुकते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. डिझेल असताना 'कमी आहे' असे सांगणारा काटा फार तर आपल्याला पंपावर लवकर नेईल. इंजिन तापलेले असताना 'थंड आहे' असे सांगणारा काटा मात्र आपल्याला निर्धास्त करतो आणि नुकसान होऊन गेल्यावरच त्याचे खोटे उघडकीला येते. जुन्या ट्रकच्या मीटर-बोर्डावरील चार-पाच काट्यांचा इतिहास या एका प्रश्नाच्या उजेडात पाहावा, असा आमचा या लेखात प्रयत्न आहे. त्या बोर्डावर आपल्या पाठ्यपुस्तकातील निम्मे भौतिकशास्त्र मांडून ठेवलेले असते, हे वाचकांच्या लवकरच लक्षात येईल.

बोर्ड कुठून आला?

आपल्याकडे ट्रक-बांधणीचा उद्योग स्वातंत्र्याच्या आगेमागे उभा राहिला. मूळचे सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकी बनावटीच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ही नावे जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी असत ती यामुळेच. १९४५ साली स्थापन झालेल्या टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. हा करार १९६९ मध्ये संपला. त्यानंतर ट्रकवर केवळ टाटांचे चिन्ह राहिले. याच कंपनीचे नाव २००३ साली टाटा मोटर्स झाले.

नावे आणि देश वेगळे असले तरी ड्रायव्हरच्या समोरचा बोर्ड सगळीकडे जवळपास सारखाच होता. इंजिनातील तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, टाकीतील डिझेल, बॅटरीत जाणारा किंवा तिच्यातून येणारा विद्युतप्रवाह आणि गाडीचा वेग एवढ्या गोष्टी हे काटे सांगत. आजच्या ट्रकमध्ये ही कामे बहुतांशी इलेक्ट्रॉनिक मंडले करतात. जुन्या ट्रकमध्ये मात्र प्रत्येक काट्यामागे एक नळी, एक तार किंवा एक फिरती केबल असे आणि तिचा माग हाताने काढता येई. शिकवण्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

वाकडी नळी सरळ होते

तेलाच्या दाबापासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात वाफेची इंजिने सर्वत्र पसरली आणि त्यांबरोबर बॉयलरचे स्फोटही होऊ लागले. आतील दाब किती आहे हे पाहायला पाऱ्याच्या उंच नळ्या वापराव्या लागत. चालत्या आगगाडीवर काचेची अशी उंच नळी बसवणे शक्य नव्हते. फ्रान्समधील यंत्रकार यूजेन बूर्दों हे वाफेच्या इंजिनासाठी नळीचे एक वेटोळे करत असताना ती नळी चुकून चपटी झाली. ती पुन्हा फुगवून गोल करावी म्हणून त्यांनी आत दाब दिला, तर नळी फुगता फुगता वेटोळे उलगडू लागले. या चुकीतून त्यांना दाबमापक सापडला. १८४९ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले.

चपट्या नळीला अर्धवर्तुळासारखा बाक द्यायचा, तिचे एक टोक बंद करायचे आणि दुसऱ्या टोकातून दाबाखालील द्रव आत सोडायचा. दाब वाढला की नळी थोडी सरळ होते आणि बंद टोकाला जोडलेला काटा फिरतो. जुन्या ट्रकच्या ऑइल मीटरमध्ये हीच नळी असते. इंजिनापासून मीटरपर्यंत एक बारीक पाइप येतो आणि त्यात खरोखरच इंजिनाचे तेल असते. जत्रेत मिळणारी, फुंकली की उलगडणारी कागदी पिपाणी वर्गात दाखवली तर तत्त्व लगेच समजते, जरी नळी उलगडण्याचे अंतर प्रत्यक्षात फारच कमी असते.

आता आपला प्रश्न विचारू: हा मीटर कोणत्या बाजूला चुकतो? पाइप फुटला तर मीटरकडे दाब पोहोचत नाही आणि काटा शून्यावर येतो. म्हणजे तो धोका नसताना धोका सांगतो. ही चूक भित्री आहे, पण सुरक्षित आहे. शिवाय पाइप फुटला तर तेल खरोखरच वाहून जात असते, तेव्हा ती पूर्णपणे चूकही नव्हे. म्हणून तेलाचा काटा पडला की आधी इंजिन बंद करायचे आणि मग काट्यावर संशय घ्यायचा, हा क्रम कधी मोडायचा नाही. पाइपात गाळ बसून तो तुंबला तर मात्र काटा चढलेलाच राहू शकतो. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद केल्यावर काटा शून्यावर परत येतो की नाही, हे रोज पाहायचे. तरीही शंका राहिली तर मिस्त्री जुना मीटर काढून त्याच जागी एक खात्रीचा मीटर जोडतो. नव्या मीटरनेही कमी दाब दाखवला तर दोष इंजिनाचा, नाहीतर जुन्या मीटरचा. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतील नियम गॅरेजमध्ये रोज पाळला जातो.

'थंड' म्हणणारा काटा

पाण्याच्या तापमानाचा मीटर जुन्या गाड्यांत दोन प्रकारांचा आढळतो. पहिल्या प्रकारात इंजिनाच्या पाण्यात धातूची एक लहान कुपी बुडवलेली असते. तिच्यात ईथरसारखा लवकर उकळणारा द्रव असतो. पाणी तापले की या द्रवाच्या बाष्पाचा दाब वाढतो आणि केसासारख्या बारीक नळीतून तो मीटरपर्यंत पोहोचतो. मीटरमध्ये पुन्हा बूर्दोंचीच नळी असते. म्हणजे हा तापमापक प्रत्यक्षात दाबमापक आहे. फक्त पट्टीवर दाबाऐवजी अंश लिहिलेले आहेत.

दुसऱ्या प्रकारात कुपीच्या जागी थर्मिस्टर असतो. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, हे आपण शिकवतो. १८३३ साली मायकेल फॅरेडे यांना सिल्व्हर सल्फाइडमध्ये उलटाच प्रकार दिसला: तापमान वाढले तसा त्याचा रोध कमी झाला. अर्धवाहकांच्या गुणधर्मांची ही एक अगदी सुरुवातीची नोंद आहे. या निरीक्षणाचा उपयोग व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. थर्मिस्टर पाण्याबरोबर तापतो, त्याचा रोध घटतो, मीटरमधून जास्त प्रवाह जातो आणि काटा 'गरम'कडे सरकतो.

आता दोन्ही प्रकार बिघडवून पाहू. बारीक नळी हादऱ्यांनी चिरली तर ईथर उडून जातो, दाब उरत नाही आणि काटा 'थंड'वर पडून राहतो. थर्मिस्टरची तार तुटली तर प्रवाह बंद होतो आणि काटा पुन्हा 'थंड'वरच. रचना अगदी वेगवेगळ्या, पण बिघाडाची नेहमीची दिशा एकच आणि तीही घातक. तार घासून गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकली तर काटा 'गरम'च्या टोकाला जातो खरा, पण तो बिघाड लपून राहत नाही. थंड सकाळी चावी फिरवताच काटा 'गरम'वर धावला तर कोणालाही संशय येईल. 'थंड'वर पडलेल्या काट्याचा मात्र संशय येत नाही, कारण सकाळी तो तिथेच असायला हवा असतो.

तिसरी शक्यता याहून फसवी आहे. मीटर चांगला आहे, तार चांगली आहे, थर्मिस्टरही चांगला आहे. पण रेडिएटर गळून पाण्याची पातळी इतकी उतरली की थर्मिस्टर आता पाण्यात बुडालेलाच नाही. तो ज्या पोकळीत आहे तिचे तापमान तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि ते पाण्याच्या किंवा लोखंडाच्या तापमानाहून पुष्कळ कमी असू शकते. येथे कोणताच भाग बिघडलेला नाही. काटा ज्याला जोडला आहे ते, आणि आपल्याला ज्याची माहिती हवी आहे ते, या दोन वस्तू वेगळ्या झाल्या आहेत एवढेच.

मारेगावच्या आपल्या काल्पनिक ट्रकवर मिस्त्री आधी इंजिन बंद करून ते थंड होऊ देईल. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे उकळते पाणी अंगावर घेणे आहे. मग तो पाण्याची पातळी पाहील. त्यानंतर कुपी बाहेर काढून ती गरम पाण्याच्या भांड्यात बुडवील आणि शेजारी साधा तापमापक धरील. काटा हलला तर मीटर जिवंत आहे. नाही हलला तर आतला द्रव गेला आहे.

एका शाळामास्तरांचा नियम

डिझेलच्या मीटरकडे वळण्यापूर्वी एका शिक्षकाची ओळख करून घ्यायला हवी. गेओर्ग सिमोन ओहम यांचे वडील कुलुपे बनवणारे कारागीर होते. १८१७ पासून ओहम जर्मनीतील कोलोन येथील शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होते. १८२० मध्ये ओर्स्टेड यांनी विद्युतप्रवाहामुळे चुंबकसूची वळते हे दाखवल्यामुळे प्रवाह मोजण्याचा मार्ग खुला झाला होता. ट्रकच्या बोर्डावरचा अँपिअर मीटर याच शोधाचा वंशज आहे.

ओहम तारांची लांबी बदलून प्रवाह मोजू लागले तेव्हा त्यांना एक अडचण आली. त्या काळच्या बॅटऱ्यांचे विभवांतर स्थिर राहत नसे. आकडा बदलला तर तो तारेमुळे बदलला की बॅटरीमुळे, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी बॅटरी सोडून तांबे आणि बिस्मथ या धातूंचे तापयुग्म वापरले. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले की विभवांतर लहान पण स्थिर मिळे. उगम स्थिर झाल्यावर नियम स्वच्छ दिसू लागला. १८२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडे झाले आणि ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. १८८१ मध्ये रोधाच्या एककाला त्यांचेच नाव देण्यात आले.

डिझेलच्या टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. तो वर-खाली होताना एका रोध-तारेवरील सरकता स्पर्शबिंदू हलतो. ही तार, मीटरची गुंडाळी आणि गाडीचा सांगाडा मिळून मंडल पूर्ण होते. परतीची वेगळी तार नसते. सांगाडाच परतीच्या तारेचे काम करतो आणि यालाच मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. जुन्या ट्रकमधील मीटरच्या बिघाडांत या अर्थचा हात फार मोठा असतो, कारण टाकी जिथे बसते तिथे चिखल, पाणी आणि गंज असतो.

पाऊण टाकीचे कोडे आता आकड्यांनी सोडवू. समजा, मंडलाला १० व्होल्ट मिळतात, मीटरच्या गुंडाळीचा रोध ६० ओहम आहे आणि टँक युनिटचा रोध टाकी भरलेली असताना २० ओहम व रिकामी असताना २४० ओहम आहे. भरलेल्या टाकीला प्रवाह १० भागिले ८०, म्हणजे ०.१२५ अँपिअर. रिकाम्या टाकीला १० भागिले ३००, म्हणजे सुमारे ०.०३३ अँपिअर. काट्याची सर्व हालचाल या दोन आकड्यांच्या दरम्यान होते. आता अर्थच्या जागी गंज चढून तिथे आणखी २० ओहम आले. भरलेल्या टाकीला प्रवाह १० भागिले १००, म्हणजे ०.१ अँपिअर झाला. हिशेब केला तर काटा आपल्या वाटेच्या जवळजवळ पाऊण भागापर्यंतच पोहोचतो. ड्रायव्हरची तक्रार हीच होती.

याच गंजाचा परिणाम टाकी रिकामी असताना किती? १० भागिले ३२०, म्हणजे सुमारे ०.०३१. फरक नगण्य! म्हणून मिस्त्रीने विचारायचा योग्य प्रश्न असा: "टाकी रिकामी असते तेव्हा काटा बरोबर दाखवतो का?" उत्तर 'हो' असेल, तर गंजलेल्या अर्थचा संशय बळावतो. टाकीपासून सांगाड्यापर्यंत एक चांगली तार तात्पुरती जोडली आणि काटा वर सरकला, की निदान पक्के. ही चूकही भित्र्या बाजूची आहे हे लक्षात घ्यावे: डिझेल आहे त्याहून कमी दिसते. मात्र सर्वच डिझेल मीटर असे नसतात. काही बनावटींत टाकी रिकामी असताना रोध शून्याजवळ असतो आणि भरल्यावर वाढतो. तिथे तार तुटली तर काटा 'फुल'वर जाऊन बसतो आणि ड्रायव्हर भर माळावर अडकतो. त्यामुळे तारेची परीक्षा घेण्याआधी मीटर कोणत्या घराण्याचा आहे हे कळायला हवे. घराणे चुकले की बरोबर परीक्षेचा अर्थही उलटा लागतो.

दोन काटे एकदम चढले तर?

ओहम यांना अस्थिर बॅटरीने छळले तसेच गाडी बनवणाऱ्यांनाही छळले. इंजिन बंद असताना आणि चालू असताना गाडीतील विभवांतर सारखे नसते. मग डिझेल तेवढेच असताना काटा वर-खाली होणार. यावर एक उपाय जॉन हॅरिसन यांच्या कामापर्यंत मागे जातो. समुद्रावर अचूक चालेल असे घड्याळ करताना या इंग्लिश कारागिराने अठराव्या शतकाच्या मध्याला दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. तापल्यावर एक धातू दुसऱ्याहून अधिक प्रसरण पावतो आणि पट्टी वाकते.

विसाव्या शतकातील अनेक गाड्यांत मीटरच्या आत अशीच द्विधातू पट्टी असते. तिच्यावर गुंडाळलेल्या तारेतून प्रवाह गेला की ती तापून वाकते आणि काटा ढकलते. पट्टी तापायला वेळ लागतो म्हणून काटा सावकाश चालतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर टाकीतील डिझेल हिंदकळले तरी काटा नाचत नाही, हा त्याचा फायदा. विभवांतर स्थिर ठेवण्यासाठी बोर्डामागे आणखी एक डबी असते आणि तिच्यातही अशीच एक पट्टी. ती तापली की जोड तुटतो, निवली की पुन्हा जुळतो. ही उघडझाप सतत चालते आणि मीटरला मिळणारे सरासरी विभवांतर ठरावीक राहते: ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत साधारण १० व्होल्ट, अमेरिकी धाटणीच्या गाड्यांत साधारण ५ व्होल्ट.

या डबीचाच अर्थ सुटला तर पट्टी तापत नाही, उघडझाप थांबते आणि बॅटरीचे पूर्ण विभवांतर मीटरवर येते. परिणामी डिझेलचा आणि पाण्याचा असे दोन्ही काटे एकदम वर चढतात. घाबरलेला मालक पाण्याचा मीटर बदलतो, मग थर्मिस्टर बदलतो आणि दुखणे तसेच राहते. जाणता मिस्त्री मात्र आधी विचारतो: किती काटे चुकताहेत? एकच चुकत असेल तर दोष त्या काट्याच्या वाटेवर शोधायचा. दोन एकदम चुकत असतील तर दोघांना सामाईक असलेल्या जागी. गावात एका घरात जुलाब लागले तर त्या घरचे जेवण तपासतात, आळीभर लागले तर आळीची विहीर, तसेच हे आहे. जो काटा विजेवर चालतच नाही तो अशा वेळी साक्षीदार म्हणून कामी येतो. वेगाचा काटा असाच आहे. अरागो यांनी १८२४ मध्ये पाहिले होते की फिरणारी तांब्याची चकती जवळच्या चुंबकसूचीला आपल्याबरोबर ओढते. १८३१ नंतर फॅरेडे यांच्या शोधाने त्याचे कारण कळले आणि १९०२ मध्ये जर्मनीत ओटो शुल्झ यांनी त्यावर आधारलेल्या वेगमापकाचे पेटंट घेतले. केबलने फिरणारे चुंबक धातूच्या वाटीला ओढते आणि वाटी काट्याला. बॅटरीचा त्याच्याशी संबंध नाही.

विश्वास उडाल्याची किंमत

येथवर आपण खोट्या काट्यांचा विचार केला. पण खोट्या काट्याचे सर्वांत मोठे नुकसान वेगळेच असते: तो पुढच्या खऱ्या काट्यावरचा विश्वासही घालवतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री अकराच्या सुमारास भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब काही वेळापूर्वीच्या २ वरून १० पौंड प्रति चौरस इंचावर गेलेला दिसला. हा आकडा नेहमीच्या मर्यादेतच बसत होता. शिवाय कारखान्यातील मापन-उपकरणे इतक्यांदा चुकीची ठरली होती की त्यांच्या एका आकड्यावर धावून जाण्याची सवय उरलेली नव्हती. त्या वेळी काटा खरे बोलत होता. मध्यरात्रीनंतर त्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरावर पसरला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेची कारणे अनेक आहेत आणि बंद पडलेल्या सुरक्षा-यंत्रणा त्यांत प्रमुख आहेत. पण बिघडलेले मीटर दुरुस्त न करता त्यांच्यासह जगायची सवय लागली की काय होते, याचा धडाही त्यात आहे. 'आमच्या गाडीचा काटा असाच आहे, त्याच्याकडे पाहू नका,' असे म्हणणारा ड्रायव्हर याच वाटेवरचा पहिला टप्पा ओलांडत असतो.

अभियंत्यांनी यावर काही सुंदर उत्तरे शोधली आहेत. गाडीची चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्याआधी, तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. तो आधी लागतो याचे कारण दिवा जिवंत आहे हे रोज सिद्ध व्हावे. तसे नसते तर 'दिवा लागला नाही' याचा अर्थ 'दाब ठीक आहे' की 'दिवाच गेला आहे' हे कळले नसते. कारखान्यांतील मापनात शून्य दाखवायला शून्य प्रवाह न वापरता ४ मिलिअँपिअर वापरण्याची पद्धत रूढ आहे. पट्टीचे वरचे टोक २० मिलिअँपिअरला येते. तार तुटली तर प्रवाह खरोखर शून्य होतो आणि यंत्रणेला कळते की हे माप नव्हे, हा बिघाड आहे. दोन्ही युक्त्यांचे मर्म एकच: गप्प बसणे आणि 'सर्व ठीक' म्हणणे यांत फरक करता आला पाहिजे.

वर्गात काय करता येईल?

शिक्षकांना यातून एक तासिका सहज रंगवता येईल. दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि पेन्सिलीतील लांब शिसे घ्यावे. शिशावर तारेचे टोक सरकवले की बल्बचा उजेड कमी-जास्त होतो. हे झाले आपले टँक युनिट. मग मुलांना न दाखवता एका जोडाच्या जागी गंजलेला खिळा घालावा आणि दोष कुठे आहे ते शोधायला सांगावे. अट एवढीच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती बदलण्यापूर्वी काय होईल याचा अंदाज वहीत लिहायचा. वरचा ओहमचा हिशेब मोठ्या मुलांना स्वतंत्रपणे करायला द्यावा. आणि शेवटी प्रत्येक उपकरणाविषयी तोच प्रश्न विचारावा, मग ते घरातील गॅसच्या शेगडीचे असो, दवाखान्यातील असो किंवा शाळेच्या पाण्याच्या टाकीवरील असो: हे बिघडले तर कोणत्या बाजूला खोटे बोलेल?

शक्य असेल तर मुलांना गावातील गॅरेजमध्ये न्यावे. मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी ओहम आणि फॅरेडे यांच्या कामावर रोज पोट भरणारी माणसे आहेत, पण त्यांची नावे त्यांना कोणी सांगितलेली नसतात. नावे आपण सांगावीत आणि दोष कसा शोधायचा ते त्यांच्याकडून शिकावे. आपला ट्रक तोपर्यंत निवला असेल. मिस्त्रीने पाण्याच्या मीटरची नवी कुपी बसवली, टाकीच्या अर्थचा गंज घासून काढला आणि ड्रायव्हरला बजावले, "आता काटा वर गेला त मीटरले शिव्या देऊ नको, गाडी थांबव." ज्याचे खोटे दुरुस्त केले त्याच्यावर यापुढे विश्वास ठेवायचा, असा त्याचा अर्थ.